पट्टी बांधलेली तार

गिटारीच्या पोटात मी दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा घातला, बॅटरीचा झोत मारला, आणि आत काहीतरी पांढरं दिसलं.

"मास्तर, हिच्या पोटात कुणीतरी मलमपट्टी करून ठेवलीय," मी म्हणाले.

रणभिसे मास्तर स्टुलावरून उठले आणि चष्मा कपाळावर चढवून वाकून बघू लागले. त्यांना काही दिसलं नाही. मला मात्र स्वच्छ दिसत होतं. गिटारीच्या बुडाशी तारा अडकवायची जी पितळी चौकट असते, तिथून एक वायर आत आली होती. वीतभर येऊन ती मध्येच तुटली होती, आणि तुटलेल्या दोन्ही टोकांना जखमेवर लावतात ती पांढरी चिकटपट्टी गुंडाळली होती. एकदा नाही, चांगले तीन-तीन वेढे देऊन. मी हसले. कुणा अडाण्याला काळी टेप मिळाली नसेल, घरातली पट्टी फाडून लावली असेल, असं काहीतरी म्हणाले. मास्तरही हसले.

त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालची. मिरजेत स्टेशनच्या मागच्या गल्लीत आमचं 'मगदूम रिवायंडिंग' होतं. पंखे, पाण्याच्या मोटारी, मिक्सर, जुने रेडिओ, जे जळेल ते आमच्याकडे यायचं. आप्पा गेल्यावर दुकान मी चालवत होते. गिऱ्हाईक दारात उभं राहून विचारायचं, मिस्त्री कुठं गेलेत? मी म्हणायचे, मिस्त्री तुमच्यासमोर बसलीय, पंखा खाली ठेवा. तीस वर्षांची होते, लग्नाच्या भानगडीत पडले नव्हते, आणि जिभेला हाड नव्हतं. वैजूनं बांधलेली मोटार परत आली असं मिरजेत कधी झालं नाही, हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची.

मास्तर टाकळवाडीचे, मिरजेपासून चौदा किलोमीटरवरचे. शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झालेले, आणि गावातल्या चर्चमध्ये दर रविवारी पेटी वाजवणारे. तरुणपणापासून त्यांना एका गिटारीचं वेड होतं. आपण नेहमी बघतो ती सपाट पोटाची नव्हे. ही व्हायोलिनसारखी पुढून-मागून फुगलेली, छातीवर दोन वळणदार चिरा असलेली, जुन्या हॉटेलांतल्या बँडवाल्यांकडे असायची तसली. तशी एक त्यांना अखेर मिळाली होती. साळवी सिस्टर म्हणून मिरजेतच राहणाऱ्या एक रिटायर्ड नर्स होत्या. त्यांचे यजमान फिलिप साळवी बँडमध्ये वाजवायचे, ते सोळा वर्षांपूर्वी वारले होते. सिस्टरनी त्यांची गिटार मास्तरांना दिली आणि तिच्याबरोबरचा आवाज मोठा करायचा डबाही दिला. हा डबा म्हणजे लाकडी खोक्यात बसवलेला जुना व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर.

पण गिटार बोलत नव्हती. मास्तर आधी सतारमेकर गल्लीत गेले होते. तिथल्या म्हाताऱ्या कारागिरानं लाकूड ठोकून बघितलं आणि सांगितलं, लाकडाला काही झालेलं नाही, बिघाड विजेचा आहे, मगदूमांच्या पोरीकडं जावा. बिघाड होता पिकअपमध्ये. तारांखाली एक चपटी डबी बसवलेली असते, तिच्यात लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तार थरथरली की त्या वेढ्यांत इवलीशी वीज उमटते, आणि तीच पुढे डब्यात जाऊन मोठी होते. मी मीटर लावला. आत कुठंतरी वेढा तुटला होता. जेवढा आवाज यायचा तोही मुरमुऱ्यासारखा, आणि त्याच्यामागे सारखी घूंऽऽ अशी घरघर.

गिटार मी जन्मात उघडली नव्हती. पण वेढे म्हणजे वेढेच की. मी म्हणाले, करून देते. नुसती दुरुस्त नाही, आधीपेक्षा चांगली करून देते. ती घरघर मारायची तर एकाच्या जागी दोन वेटोळी बसवायची, एकमेकांच्या उलट गुंडाळलेली, म्हणजे घरघर एकमेकांत विरते आणि सूर तेवढा उरतो. हे मी एका जुन्या रेडिओच्या मासिकात वाचलं होतं. मास्तरांचे डोळे चमकले. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांच्या चर्चला पन्नास वर्षं होणार होती, त्या दिवशी ही वाजली पाहिजे, एवढंच ते म्हणाले.

सेहेचाळीस नंबरची तार मी पुण्याहून मागवली. हाताच्या चक्रावर गुंडाळताना श्वास जोरात सोडला तरी तुटायची. दोनदा तुटली, दोनदा पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या वेळी दोन्ही वेटोळी उतरली आणि मी दुकानात एकटीच नाचले. मग चिरेतून दोरा घालून वायरी आत ओढल्या, जागच्या जागी बसवल्या, आणि दुकानातल्या माझ्या अॅम्प्लिफायरला लावून पाहिलं. सूर असा निघाला की समोरचा पानवाला दुकान सोडून बघायला आला. पण घरघर अजून थोडी राहिली होती. तारांवर हात ठेवला की बदलायची, हात काढला की पुन्हा यायची.

तेव्हा मला ती मलमपट्टी आठवली.

आप्पांचा एक नियम होता. उघडं लोखंड दिसलं की त्याला अर्थिंग द्यायचं. पंपाचं अंग असो, इस्त्रीचा तळ असो, अर्थिंगची वायर बांधल्याशिवाय वस्तू दुकानाबाहेर सोडायची नाही. आम्ही सोडलीच नाही कधी. गिटारीच्या तारा, ती पितळी चौकट, सगळं उघडं धातूचं, आणि त्याला बांधलेली वायर आत तुटलेली. मला वाटलं, सापडलं. पट्टी सोलून काढली, दोन्ही टोकं खरवडून नवी वायर जोडली, वर सोल्डर मारला. घरघर मेली. खोलीत घड्याळाची टिकटिक ऐकू यावी इतकी शांतता झाली, आणि मी स्वतःलाच शाबासकी दिली.

शनिवारी दुपारी मास्तर न्यायला आले. वाजवून बघितली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मोठेपणानं म्हटलं, मास्तर, आता तारांनासुद्धा अर्थिंग केलंय, शंभर वर्षं बघायला नको. गिटार तिच्या खोळीत ठेवताना त्यांनी सहज सांगितलं, डब्याचा कारभार तेवढा विचित्र आहे. त्याची दोन पायांची पिन, तिच्या एका बाजूला सिस्टरनी नेलपॉलिशचा लाल ठिपका लावलाय, आणि घेताना बजावून सांगितलंय की ठिपका वरच ठेवायचा. काहीतरी म्हाताऱ्या माणसाचं खूळ. मी तेव्हा एका गिऱ्हाइकाचा मिक्सर बघत होते. होय होय म्हणाले, आणि सोडून दिलं.

रविवारी दुकान बंद असतं, पण मी सकाळी टेबल साफ करायला यायची. नऊला पाच कमी असतील. तारांचे तुकडे, सोल्डरचे थेंब सगळं सुपलीत ओढत होते, आणि हाताला ती पांढरी पट्टी लागली. चिकट बाजूवर वायरीचा वेढ्यावेढ्यांचा ठसा उमटला होता. कचऱ्यात टाकायला उचलली आणि हात थांबला.

पट्टी नीट कापलेली होती. कोपरे गोल केले होते, सुटू नयेत म्हणून. हे अडाण्याचं काम नव्हतं. असे कोपरे गोल करतात ते दवाखान्यात, ज्यांनी हजारो पट्ट्या बांधल्यात ते. मग वायरीचं टोक डोळ्यांपुढे आलं. मी ते टेबलावरच्या भिंगाखाली धरून खरवडलं होतं आणि तरी बघितलं नव्हतं. ओढून तुटलेल्या वायरीचे तंतू लांब-आखूड असतात. हे टोक सरळ होतं. ती वायर तुटली नव्हती, कुणीतरी कापली होती. मुद्दाम, कात्रीनं, आणि पुन्हा कधी जुळू नये म्हणून दोन्ही टोकं बांधून ठेवली होती.

नर्सनं. आणि लाल ठिपकाही नर्सनंच लावलेला.

जुने काही सेट असे असतात की त्यांच्यात ट्रान्सफॉर्मर नसतो. पैसे वाचवायला भिंतीतल्या दोन वायरींपैकी एक सरळ सेटच्या पत्र्यालाच जोडलेली असते. पिन एका बाजूनं घातली तर पत्रा थंड. उलटी घातली तर पत्र्यात सगळी दोनशे तीस व्होल्टची लाईट. आप्पा म्हणायचे, बिनट्रान्सफॉर्मरचा सेट म्हणजे खाटेखाली पाळलेला नाग. ज्या सेटची पिन ठरावीक बाजूनंच घालावी लागते तो सेट दुसरा कुठला असणार? आणि त्या पत्र्यापासून गिटारीच्या सहा तारांपर्यंत जाणारी वायर कापून ठेवलेली होती म्हणून मास्तर आजवर जिवंत होते. ती मी जोडून दिली होती. वर अर्थिंग केलंय म्हणून मिरवलंही होतं. माझ्या अॅम्प्लिफायरला तीन पायांची पिन होती, तिथं ते अर्थिंगच होतं. त्यांच्या डब्याला लावलं की तेच मरण होतं.

आणि ठिपका वर ठेवला तरी काय? तो सिस्टरच्या घरातल्या बोर्डाच्या हिशेबानं लावलेला. चर्चमधला बोर्ड कुणी, कसा जोडला असेल, कुणाला ठाऊक. अर्ध्या बोर्डांत वायरी उलट्याच असतात, मी रोज बघत होते.

उपासना साडेनऊला होती. टाकळवाडीत तेव्हा फोन नव्हता, नुसतं पोस्ट होतं आणि रविवारी तेही बंद. मी टेस्टर ब्लाउजमध्ये खोचला, लुना काढली आणि कुलूप लावायचं विसरून निघाले.

रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी इतकी सावकाश चालली होती की मला वाटलं, उतरून ढकलावी. मी लुना सारखी मागे-पुढे रेटत होते. शेजारच्या टांगेवाल्यानं विचारलं, ताई, बरं वाटंना काय? डोळ्यांसमोर मास्तर दिसत होते. टाकळवाडीचं चर्च म्हणजे दगडी फरशीचा एक हॉल. गावातली माणसं चपला दाराबाहेर काढून आत येतात, देवळात काढाव्यात तशा, आणि सणाच्या दिवशी पहाटे बाया ती फरशी धुऊन काढतात. ओली फरशी, अनवाणी पाय, मांडीवर गिटार. एवढं जमल्यावर लाईटला आणखी काय लागतं? मी फाटकापाशी उभी राहून हात जोडले. लाईट जाऊ दे, देवा, टाकळवाडीची लाईट जाऊ दे. सगळा जन्म लाईटवर पोट भरलं, आणि ती जावी म्हणून नवस बोलायची वेळ तेव्हाच आली.

नऊ चाळीसला गावात शिरले. चर्चमधून पेटीचा आवाज नाही, गाणं नाही. बाहेरच्या पिंपळाखाली भोंगा टांगला होता, तो मुका होता. झालं असेल, सगळे त्यांच्याभोवती जमले असतील, असंच मनात आलं. लुना तशीच आडवी टाकून दाराशी धावले.

आत दोनशे माणसं माना खाली घालून बसली होती. पाळक हळू आवाजात प्रार्थना म्हणत होते. वरचे पंखे थांबलेले होते. बायांचं पदरांनी वारा घेणं चाललं होतं. दाराशी बसलेल्या म्हातारीला मी कानात विचारलं. ती म्हणाली, लाईट गेलीय बाई, मघाधरनं. आली की मास्तर नवी गिटार वाजवणार हायत.

मास्तर पुढे खुर्चीवर बसले होते. मांडीवर गिटार, डावा हात तारांवर, उजवा हात तारांवर, डोळे मिटलेले. खाली अनवाणी पाय, आणि फरशी अजून काळी, ओली. शेजारी तो डबा. त्याचं बटण खाली दाबलेलं होतं. लाईट आली की लगेच सुरू व्हावं म्हणून चालू करूनच ठेवला होता.

म्हणजे माझा नवस पावला होता, आणि पावला तसाच कुठल्याही क्षणी परत जाणार होता. आमच्याकडची लाईट यायची तेव्हा कुणाला विचारून यायची नाही. व्हॉल्व्ह तापायला अर्धं मिनिट लागतं, तोवर आवाज येत नाही. पण पत्र्यात आणि तारांत वीज पोचायला तेवढं लागत नाही. मास्तरांना काही कळायच्या आत संपलं असतं.

ओरडायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. मी माणसांमधून चालत निघाले. कुणाच्या बोटांवर पाय पडला, कुणाची मान वर झाली. मास्तरांपाशी पोचले तेव्हा पहिली इच्छा झाली ती गिटार हिसकावून घ्यायची. हात पुढे झालाही. मग वाटलं, नेमकी याच क्षणी लाईट आली तर दोघंही चिकटू. तो हात मी मागे घेतला, आणि माझ्या भीतीची मला अजून चीड येते, पण घेतला.

"मास्तर, हात काढा तारांवरून," मी म्हणाले. आता आवाज आला, पण कुजबुजल्यासारखा.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. प्रार्थनेत कोण उघडतं? नुसती मान हलवली, थांब जरा अशी.

डब्याची वायर खुर्चीखालून पेटीच्या मागे गेली होती. मी गुडघ्यांवर बसले आणि वायर चाचपत त्या ओल्या फरशीवरून रांगत गेले. पेटीच्या मागे लाकडी फळीवर बोर्ड होता. कुणीतरी तो भिंतीला आडवा टेकवला होता, आणि त्यात पिन. लाल ठिपका बरोबर वर होता. मास्तरांनी सांगितल्याबरहुकूम लावला होता. मी पिनेच्या काळ्या बेकलाइटच्या बोंडाला धरलं, जिथं वीज लागत नाही, आणि उपटली.

पिन हातात घेऊन मी तिथंच, पेटीमागे, फरशीवर बसून राहिले. पाळकांनी आमेन म्हटलं. दोनशे माणसांनी आमेन म्हटलं. मग सगळे माझ्याकडे बघू लागले.

मास्तर रागावले होते. कधी न रागावणारा माणूस. वैजू, हे काय चालवलंयस, एवढं त्यांनी दबक्या आवाजात विचारलं. मी म्हटलं, लाईट आल्यावर दाखवते, तोवर गिटार त्या बाकावर ठेवा. पाळकांनी प्रसंग सांभाळला, पेटीवर गीत सुरू केलं. तिसरं कडवं चाललं होतं तेव्हा वरचे पंखे एकदम फिरायला लागले.

गिटार लाकडी बाकावर होती. मी मास्तरांची रबरी चप्पल दाराबाहेरून आणून पायात घातली, पिन होती तशीच, ठिपका वर करून, बोर्डात घातली, आणि टेस्टरचं टोक पितळी चौकटीला लावलं.

टेस्टरमधला दिवा लागला. मंद नाही, चांगला लालबुंद. मग एकेका तारेला लावत गेले. सहाही तारा.

गीत थांबलं होतं. मास्तर जवळ येऊन उभे होते. त्यांना विजेतलं फार कळत नव्हतं, पण टेस्टर सगळ्यांना कळतो. "ठिपका वरच होता गं," ते म्हणाले. मग खुर्चीत बसले आणि बसूनच राहिले.

एक वाट मोकळी होती. डबा जुना होता, बिघडलेला होता, असं म्हटलं असतं तर सगळ्यांनी मला देवासारखी धावून आली म्हणून डोक्यावर घेतलं असतं. पाळक तसंच म्हणायलाही लागले होते. माझ्या जिभेवर ते आलंही होतं. पण समोर मास्तरांचे पाय दिसत होते, अनवाणी, फरशीवर.

"त्या तारा मी जोडल्यात," मी म्हणाले. "कुणीतरी कापून ठेवलेली वायर मी न विचारता जोडली. ती जोडली नसती तर यातलं काहीच झालं नसतं."

मास्तरांनी विचारलं, कुणी कापून ठेवलेली? मी पट्टीचं सांगितलं. त्यांचा चेहरा बदलत गेला. फिलिप कसा गेला तुला माहीत नाही ना, असं म्हणून त्यांनी जे ऐकलं होतं ते सांगितलं. महाबळेश्वरला एका हॉटेलच्या हिरवळीवर बँड होता. धुकं पडलेलं, गवत ओलं. गाण्याच्या मध्येच गिटार छातीशी धरून फिलिप खाली पडला. दारू प्यायचा, हार्ट कमजोर होतं, त्यात गेला, असं सगळे म्हणतात.

त्याच दुपारी आम्ही दोघं मिरजेला सिस्टरच्या दारात उभे राहिलो. एका खोलीचं घर, खिडकीत तुळस नाही, पुदिना. सिस्टर सत्तरीच्या, ताठ, पांढरं लुगडं. मला वाटलं होतं, दोष देतील. खरं तर मलाच त्यांना दोष द्यायचा होता. आत पाऊल टाकताच मी फटकन बोलले, डब्यात काय आहे हे ठाऊक असून तुम्ही मास्तरांना सांगितलं का नाही?

"सांगितलं की," त्या म्हणाल्या. "सोळा वर्षं सगळ्यांना सांगितलं. कुणी ऐकलं? शेवटी वाटलं, वायर कापलीय, ठिपका लावलाय, आता ते जनावर मेलं. आणि हे मास्तर म्हणाले, देवाच्या घरी वाजेल."

मग माझ्या हातातला टेस्टर त्यांना दिसला. मी तो मिरजेपर्यंत तसाच मुठीत धरून आले होते.

"दिवा लागला?"

"लागला."

"तारांवर?"

"सहाही तारांवर."

सिस्टर कॉटवर बसल्या. डावा हात उलटा करून बोटांच्या पेरांकडे बघत राहिल्या, जणू ती त्यांची नव्हती. मग त्यांनी सांगितलं, रडत नव्हत्या, दवाखान्यात पेशंटचं सांगावं तसं सांगितलं. फिलिपला अंघोळ घालताना त्यांनी त्याची बोटं बघितली होती. पेरांवर आडवे, करपलेले डाग होते, तारेच्या जाडीचे. डॉक्टरांना दाखवले तर ते म्हणाले, गिटारवाल्यांच्या बोटांना घट्टे असतातच. "मला घट्टे ठाऊक होते," सिस्टर म्हणाल्या. "बावीस वर्षं ती बोटं माझ्या हातात होती. ते घट्टे नव्हते." डबा ज्यानं जोडून दिला होता तो बँडमधलाच फिलिपचा धाकटा भाऊ. त्यानं दारूचं बोलायला सुरुवात केली, आणि मग सगळ्यांनी. एका ढोलकवाल्यानं मात्र गुपचूप दाखवून दिलं की तारांना ही एक वायर जोडलेली असते. त्या रात्री त्यांनी पट्टी कापायच्या कात्रीनं ती कापली.

"माझा मुलगा नाशिकला असतो," त्या म्हणाल्या. "बाप दारू पिऊन मेला म्हणून त्याच्या नावानं मेणबत्तीसुद्धा लावत नाही. मी सांगितलं तर म्हणतो, आई, तू नर्स आहेस, मेकॅनिक नाहीस."

मास्तर भिंतीकडे तोंड करून उभे होते. येताना उघड्या दुकानाला कुलूप लावलं तेव्हा पिशवीत टाकलेलं पावतीबुक आणि शिक्का मी काढला. आमच्या पावतीवर वर गिऱ्हाइकाचं नाव, मग वस्तू, मग दोष, अशा ओळी छापलेल्या असतात. वस्तू: व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर आणि गिटार. दोष: डब्यात ट्रान्सफॉर्मर नाही, पत्र्यात पूर्ण लाईट, ती वायरीतून सहाही तारांत उतरते. जमीन ओली असल्यास वाजवणारा वाचत नाही. स्वतः तपासलं. खाली मी माझंही लिहिलं, की कापून ठेवलेली वायर मी पुन्हा जोडली होती आणि तेव्हाच हे कळलं. सही केली, शिक्का मारला.

गिऱ्हाइकाचं नाव राहिलं होतं. मी शलमोन रणभिसे असं लिहायला लागले, 'श' काढलाही. सिस्टरनी कागदावर बोट ठेवलं.

"त्यांचं नाही," त्या म्हणाल्या. "फिलिपचं लिही."

मी 'श' खोडला आणि लिहिलं.